सूर्य निघायच्या आत नांदेड

गजेंद्रनं मोटरसायकल घेतली ती लांब जायला. लांब म्हणजे लेह, लडाख, कन्याकुमारी, असं लांब. घेऊन वर्ष उलटलं, आणि गाडी सगळ्यात लांब कुठं गेली होती? बडनेऱ्याच्या पुढच्या ढाब्यावर. तीही दुसऱ्याच्या वाढदिवसाला. बाकी रोजचा प्रवास अमरावतीतल्या घरून फुलांच्या दुकानात आणि दुकानातून परत घरी. गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्या, पुढं जास्तीचे लाइट, हँडलला मोबाइल अडकवायची पकड, आणि जायचं कुठं, तर चौकाच्या पलीकडं. लोक हसणार नाहीत तर काय करतील?

हसत नव्हते ते एकटे वामनराव, गजेंद्रचे वडील. त्यांचं शेत नांदगाव खंडेश्वरला, झेंडू आणि शेवंतीचं. माल रोज पहाटे अमरावतीला आणायचा म्हणजे भाड्याच्या ऑटोवाल्याची मिनतवारी करायची. त्यामुळं वामनराव वर्षभर त्या गाडीच्या मागच्या सीटकडं टक लावून बघत होते.

"अठी लोखंडी क्यारिअर बसवलं त झेंडूचे तीन क्रेट आरामात येते," ते म्हणायचे.

"बाबा, हे टूरिंगची गाडी हाय!"

"मंग फुलाईचा टूर होईन."

गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टूरिंगच्या गाडीला क्यारिअर! नवरदेवाच्या डोक्यावर पाटी दिली तरी बरं दिसेल. एका संध्याकाळी असंच चालू असताना तो जेवणावरून उठला आणि तावातावानं बोलून गेला, "एका रातीत नांदेड गाठून दाखवतो! सूर्य निंगायच्या आंदी गोदावरीच्या पुलावर उभा राहीन!"

आता बापासमोर फुशारकी मारताना बाप कोणता आहे ते तरी बघावं माणसानं. वामनरावांना आयुष्यभर बाजारात बोली लावायची सवय. समोरच्याच्या तोंडून शब्द निघाला की ते गाठ मारून ठेवतात.

"ठरलं," ते म्हणाले. "तठून फोटो पाठवजो. सूर्य निंगायच्या आंदी पुलावर दिसला त मी तुह्या गाडीले बोट लावत नाही. नाई दिसला त सोमवारी वेल्डरकडं."

झालं. आता मागं फिरायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर गजेंद्रला नांदेडशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथं त्याला कोणी ओळखत नाही. अमरावतीत त्यानं टपरीवर गुपचूप उभं राहून कचोरी खाल्ली तरी शेजारून कोणीतरी म्हणायचं, "वामनरावचा ना तू? बाबा कसे हायेत?" आणि तो घरी पोचायच्या आत कचोरी घरी पोचलेली असायची. पेट्रोल भरताना तेच, दाढी करताना तेच. जन्मात एकदा तरी, फक्त एकदा, आपण कुणाचा तरी मुलगा नाही, कुणाचा भाचा नाही, नुसते हेल्मेटवाले आहोत, असं त्याला वाटून घ्यायचं होतं.

रात्रीचं जाणं हे काही शौक म्हणून नव्हतं. ऐन उन्हाळ्यात आमच्याकडं दिवसा हेल्मेट घालून निघणं म्हणजे डोकं कुकरमध्ये शिजायला लावणं. सोबतीला होता जीवन, गजेंद्रचा शाळेपासूनचा मित्र. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, लग्न अजून जमलेलं नाही, आणि मोटरसायकलवरचा एकही व्हिडिओ पाहायचा राहिलेला नाही. त्यामुळं तो सगळ्या बाबतीत नियम सांगायचा.

"रातची गाडी दुभाजक असलेल्या रोडवरच चालवाची. समोरून लाइट डोयात येत नाही. म्हनून कारंज्यावरून जाचं नाही, अकोला-पातूर-वाशिमवरूनच जाचं."

कारंज्याचा रस्ता जवळचा पडला असता. पण जीवनचा नियम म्हणजे नियम. त्या नियमानं पुढं दोघांची काय भंबेरी उडवली ते ऐका.

महिना कोणता होता? अधिक. धोंड्याचा महिना! तीन वर्षांनी एकदा येतो, आणि आला की जावयाला साक्षात नारायण समजून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. त्यातून लग्नानंतरचा पहिला अधिक असला तर विचारूच नका. गजेंद्रचं लग्न याच हिवाळ्यात झालेलं. बायको वर्षाली, माहेर पातूर. आणि तिचं सगळं गणगोत मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला, पातूर असं नेमकं त्याच रस्त्यावर ओळीनं बसलेलं. हे गजेंद्रच्या डोक्यात आलं नाही. जीवनच्या नियमांत तर सासरवाडी हा विषयच नव्हता.

आणि वर्षालीनं, बिचारीनं कौतुकानंच, लाल हेल्मेट घातलेल्या नवऱ्याचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आज रात्री अमरावती-अकोला-पातूर-नांदेड! काळजी घ्या."

सासरवाडीनं काळजी घेतली.

*

अंधार पडल्यावर दोघं आपापल्या गाडीवर निघाले. बडनेरा मागं पडलं आणि गजेंद्रच्या अंगात वारं शिरलं. वारा गरमच होता, पण स्वतःचा होता. पुढं ट्रकांचे लाल दिवे, बाजूला काळं शेत, काचेवर टपटप किडे. हेल्मेटच्या आत तो मोठ्यानं गाऊ लागला. त्याचा आवाज अत्यंत वाईट आहे, पण तिथं ऐकायला कोण होतं? तेच तर सुख होतं.

मूर्तिजापूरच्या फाट्यावर कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभं राहून बॅटरी गोल गोल फिरवत होतं.

"पोलीस!" जीवन ओरडला. "कागद काढ!"

दोघांनी गाड्या बाजूला घेतल्या. पोलीस कुठला? वर्षालीच्या शकुनआत्या होत्या. हातात ओवाळायचं ताट. मागं त्यांचे यजमान रामराव, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली.

"आले वं माय, जवाईबाप्पू आले! उतरा, उतरा."

"आत्या, मले लय घाई हाय. सूर्य निंगायच्या आंदी..."

"दोन मिनिटं. पाय तेवढे धुऊन घ्या."

पाय धुवायचे म्हणजे बूट काढायचे. लांबच्या सफरीचे बूट, गुडघ्यापर्यंत, चार ठिकाणी बक्कल. त्याच्यावर गुडघ्याचं कवच. रामराव बॅटरी धरून खाली वाकले आणि हळहळले, "अरारारा! पाय कधी मोडला जवाईबाप्पूचा? आमाले कोनी सांगतलंई नाही."

"मोडला नाही मामंजी, हे सेफ्टीचं हाय."

"तेच म्हन्तो. सेफ्टीचं प्लास्टर."

बूट निघेनात म्हणून दोघांनी एकेक पाय धरून ओढला. गजेंद्र सीटवर उताणा. ट्रकवाले हॉर्न वाजवत, हसत जात होते. हेल्मेट काढायच्या आतच शकुनआत्यांनी काचेवर कुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या अक्षता मानेतून आत गेल्या आणि वाशिमपर्यंत टोचत राहिल्या. मग धोंडे आले. पुरणाचे, वाफवलेले, वरून तुपाची धार.

"आत्या, एकच."

"एक? पह्यला अधिक अन् एक? जवाई उपाशी गेला त मले पाप लागते. अन् ते थोडंथोडकं नाई, पुढच्या अधिकापर्यंत लागते."

पाच धोंडे पोटात गेले. जीवननं सात खाल्ले; त्याला कोणी आग्रह केला नव्हता. दुपट्टा, टोपी, तेहतीस अनारशांचा डबा असं सगळं घेऊन दोघं निघाले, तेव्हा गाडीची उजवीकडची पेटी बंद होईना.

बोरगाव मंजूला रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर चारी दिवे लुकलुकवत उभा होता. "अपघात झालेला दिसते, मदत करनं आपलं कर्तव्य हाय," असं म्हणून जीवननं गाडी थांबवली. तो वर्षालीचा चुलतमामा होता. पुन्हा बूट. पुन्हा बादली. पुन्हा पुरण. आता डावीकडची पेटीही बंद होईना.

"कारंज्यावरून गेलो असतो त एकई सासरा लागला नसता," गजेंद्र करवादला. "तुह्या दुभाजकाच्या त मी..."

"दुभाजकाचा काय दोष? सोयरीक कराच्या आंदी नकाशा पायाचा होता."

पुढं अकोला. तिथं वर्षालीचे मोठेबाबा, म्हणजे थोरले चुलते, पुंजाराम. त्यांचा फोन गजेंद्रला आलाच होता, "पातूरच्या वळनावर उभा हाय, तुमी सावकाश या." गजेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. पुंजारामबाबा म्हणजे एका सुपारीवर तासभर बोलणारे. तिथं अडकलं की सोमवारी वेल्डर ठरलेला. त्याला ते काळं, जाडजूड क्यारिअर डोळ्यांपुढं दिसू लागलं आणि त्यावर झेंडूचे क्रेटही.

तेव्हा जीवनच्या डोक्यातून युक्ती निघाली. पुंजारामबाबांनी जावयाला पाहिलं होतं ते लग्नात, मुंडावळ्या बांधलेला. चेहरा दिसला होता कोणाला? ते ओळखणार फोटोतल्या लाल हेल्मेटवरून. तर हेल्मेट आणि जॅकेट बदलायचं. लाल घालून जीवन थांबेल, "लय घाई हाय" म्हणून एक धोंडा खाईल आणि सुटेल. त्याला कोण सासरा लागतो, की भीड पडावी?

बेत अगदी बिनचूक होता. वळणावर मंडळी उभीच होती, अर्धी गल्ली आणली होती. लाल हेल्मेट दिसताच सगळे जीवनवर तुटून पडले. खुर्ची आली. खुर्चीवर चादर आली. जीवनचे बूट एका झटक्यात निघाले. त्यानं ते आधीच सैल करून ठेवले होते, याची नोंद घ्यावी. पाच बायकांनी त्याला ओवाळलं. त्याच्या खांद्यावर दुपट्टा पडला, मांडीवर चांदीची वाटी आली. जीवन असा काही बसला होता की जणू जन्मभर हाच धंदा करतो आहे.

"घाई हाय म्हन ना बे," गजेंद्र त्याच्या कानाशी पुटपुटला.

"बसू दे रे दोन मिनिटं," जीवन म्हणाला. "माहं लग्न कधी होते काय माईत."

गजेंद्र काळ्या हेल्मेटात बाजूला उभा. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. एका बाईनं कागदी बशीत चिवडा दिला आणि म्हणाली, "घ्या, तुमी बी खा. जवाईबाप्पूच्या संगं आले ना?"

घ्या! जन्मभर हेच तर हवं होतं ना याला? कोणी ओळखत नाही, कोणी विचारत नाही. चिवडा खावा आणि गप उभं राहावं! पण नाही. आपलं ताट, आपला दुपट्टा, आपला धोंडा, आणि तो धोंडा जीवनच्या तोंडात! तरी त्यानं कळ काढली. एवढ्यात पुंजारामबाबांनी जीवनचा हात हातात घेतला, आणि भरल्या आवाजात विचारलं, "बाप्पू, आमची वर्षाली सुखात हाय ना?"

जीवन तोंडातलं पुरण गिळून म्हणाला, "एकदम! मी त तिले कवाच काही..."

"जवाई मी हाय!" गजेंद्र ओरडला आणि हेल्मेट काढून फेकलं. "मी! गजेंद्र! हा मोबाइलवाला हाय!"

पुंजारामबाबांनी जीवनचा हात सोडला, गजेंद्रचा चेहरा बॅटरीनं खालपासून वरपर्यंत पाहिला, मग पुन्हा जीवनकडं पाहिलं.

"मंग याले काहून ओवाळलं?"

जीवननं हातातला धोंडा घाईनं तोंडात टाकला. पण सासरवाडी मोठ्या मनाची. जीवनच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, मांडीवरची वाटी काढली, त्याला खुर्चीवरून उठवलं, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बूट, बादली, पाच बायका, पुरण. वर सुपारी कातरून झाली आणि सुपारीवरचं बोलणंही झालं.

निघाल्यावर जीवननं रागानं गाडी पुढं काढली. मग पेट्रोल पंपावर म्हणाला, "आपन सुटलो होतो. तुले कोनी सांगतलं होतं बोलाले?"

"तो वर्षालीचं इचारून राहिला होता."

"मंग? मी चांगलंच सांगून राहिलो होतो!"

गजेंद्रनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण जोरात लावलं. चूक कुणाची होती ते त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला राग येत होता.

*

आता राहिलं पातूर. म्हणजे खुद्द सासरवाडी, खुद्द सासूबाई. माणिकबाईंच्या हातून आजवर कोणी लवकर सुटलेलं नाही. गजेंद्रनं मनाची तयारी केली, वेळेचा विचार सोडला, बुटांची दोन बक्कलं आधीच उघडून ठेवली. पोटात पुरणाला पुरण लागून राहिलं होतं, पण काय करता?

पातूर आलं. रस्ता मोकळा. बॅटरी नाही, बादली नाही, ट्रॅक्टर नाही. एक कुत्रं होतं, तेही दुसरीकडं बघत होतं.

"सुटलो!" जीवननं गाडी दामटली.

गजेंद्रनं मात्र गाडी हळू केली. आणखी हळू केली. मग थांबलाच. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मुद्दाम हॉर्न वाजवला. कोणी नाही. अहो, त्याला आनंद व्हायला पाहिजे होता! पण त्याला असा काही अपमान वाटला की सांगता सोय नाही. सगळ्या दूरच्या नात्यांनी रस्त्यावर येऊन पाय धुतले, आणि सख्खी सासू पहिल्या अधिकात घोरत पडली? त्यानं तिथंच वर्षालीला फोन लावला.

"पोचले का?" ती एका रिंगमध्ये बोलली. झोपलीच नव्हती.

"पातूरले हाय. तुह्या घरचं कोनी आलं नाही."

"मीच सांगतलं आईले. जाऊ दे त्यायले, म्हटलं. स्टेटस टाकून मीच घोळ केला ना. आई तयार बसली होती, बादली भरून. लय रडली. पन म्हने, क्यारिअर लागलं त जवाई मले जन्मभर बोलन."

गजेंद्रनं बुटांची उघडी बक्कलं परत लावली.

"तू झोपली काहून नाही?"

"तुमी झोपाले दिलं का? अन् एक सांगू का, मलेई यायचं होतं. तुमी इचारलंच नाही."

"आता लाँग राइडवर बायको..." एवढं बोलून तो थांबला. कारण पुढचं वाक्य जीवनच्या व्हिडिओतलं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. "ठेवतो," तो म्हणाला. "तू झोप आता."

"पोचल्यावर सांगजा," वर्षाली म्हणाली.

पातूरच्या घाटात एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, तिनं त्यांच्याकडं बघून नाक फेंदारलं आणि निघून गेली. ती कुणाची नातेवाईक नव्हती, म्हणून सुटका लवकर झाली. पण पुढं पुरणानं डोळे जड केले. वाशिमला दोघांनी नळाखाली डोकी धरली. हिंगोलीला जीवननं नियम सांगितला की झोप आली तर थांबायचं, आणि थांबून दोघं गाडीला टेकून उभ्या उभ्या झोपले. जाग आली ती ट्रकच्या हॉर्ननं. मग मात्र गजेंद्र असा निघाला की मागं वळून पाहिलं नाही. आत्या, मामा, मोठेबाबा, सगळे मागं राहिले. पुढं एकही सासरा नव्हता. आता अडवणारं पृथ्वीच्या पाठीवर कोणी नव्हतं.

आणि पोचले! नांदेडच्या गोदावरीच्या पुलाशी पोचले तेव्हा आकाश नुसतं फिकट झालं होतं. सूर्याचा पत्ता नव्हता. गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. जीवननं त्याला मिठी मारली, दोघांची हेल्मेटं एकमेकांवर ठाण्णकन आपटली.

"चल, फोटो काढू," जीवन म्हणाला.

"हो. थांब, एक कट चहा घेतो. घसा कोरडा पडला. टाइम हाय अजून. तू पुलावर जाऊन जागा पाहून ठेव."

पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. चहावाला पन्नाशीचा, बुधाजी नावाचा. नाव टपरीवर रंगवलं होतं. त्यानं गजेंद्रकडं पाहिलं, ग्लास पुढं सरकवला आणि पुन्हा पातेल्याकडं वळला.

बस. एवढंच. कुठून आलात नाही, कुणाचे नाही, बाबा कसे आहेत नाही.

गजेंद्रनं पहिला घोट घेतला. वा! हेच ते ठिकाण. इथं आपण कुणाचे कोणी नाही. दुसरा घोट घेतला. चहा चांगला होता. तिसऱ्या घोटाला त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी गाडी, अंगावर रात्रभरची धूळ, हेल्मेटच्या काचेवर कुंकू, आणि या गृहस्थाला एक प्रश्न पडू नये? याला काय म्हणावं! गजेंद्र खाकरला. बुधाजीनं आलं किसलं.

"आमी अमरावतीहून आलो," गजेंद्र म्हणाला. "रातोरात."

"बरं," बुधाजी म्हणाला.

"तुमचं गाव हेच का?"

"हदगावकडलं हाय."

"अन् सासरवाडी?"

"हिंगोली."

"हिंगोलीवरूनच आलो ना आमी! झोपलो होतो तठी. तिकडं अकोला-वाशिमकडं कोनी नाही का तुमचं?"

बुधाजीनं किसणी खाली ठेवली. "माझी मेव्हणी दिली की मूर्तिजापूरला. टेसनापाशी राहतेत."

"काय सांगता!" गजेंद्र ग्लास घेऊन टपरीच्या आतच शिरला आणि तेलाच्या पिंपावर बसला. "स्टेशनापाशी कोठी? गिरनीपाशी का?"

"गिरणीच्या मागं. दळण तिथंच नेतेत की ते."

"अहो, माह्या आत्तेसासूचं दळन तठीच असते! शकुनआत्या! म्हंजे आपन पाव्हनेच झालो की राज्या!" त्यानं धावत जाऊन गाडीच्या पेटीतून डबा आणला. "घ्या, हे त्यायच्याच हातचे अनारसे. घ्या, लाजू नका. एक नाही, पह्यला अधिक हाय माहा."

बुधाजी हसला. एकदा हसला आणि मग काय विचारता! मेव्हणीची सासू, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन, मेव्हणीचा थोरला मुलगा अकोल्याला कृषी विद्यापीठात, त्याला मुलगी पाहताहेत. गजेंद्रनं पातूरकडची दोन स्थळं सुचवली. पुलावरून जीवन हात हलवत होता, ओरडत होता. गजेंद्रनं त्याला बोटं दाखवली, दोन मिनिटं. बुधाजीनं दुसरा चहा टाकला, आपल्या खर्चानं. जीवन पुन्हा ओरडला, मग त्यानं ओरडणं सोडलं आणि कठड्यावर बसून कपाळाला हात लावला.

फोन वाजला. वामनराव. फुलबाजारातून.

"काय रे, फोटो?"

गजेंद्रनं मान वर केली. गोदावरीवर सूर्य चांगला टोपलीएवढा आला होता. पुलावर जीवनची गाडी उभी, शेजारी जीवन बसलेला, आणि सगळ्यांच्या अंगावर लख्ख पिवळं ऊन.

रात्रभर त्यानं कोणाकोणाला शिव्या दिल्या होत्या! आत्याला, मामाला, पुंजारामबाबांना, दुभाजकाला. आता कोणाला द्यायच्या? टपरीत तर कोणीच त्याला अडवलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण बापाला खोटं सांगायला जीभ वळेना.

"बाबा, पोचलो होतो. आंदीच पोचलो होतो. पन..."

"पन काय?"

"अठी बुधाजी म्हनून हायेत. त्यायची साळी मूर्तिजापूरले देल्ली. त्यायच्याशी बोलत बसलो."

आता बाप गडगडणार म्हणून गजेंद्रनं डोळे मिटले.

"मूर्तिजापूरले?" वामनराव म्हणाले. "मूर्तिजापूरले कोनाकडं?"

"गिरनीच्या मागं."

"दे बरं त्यायच्याजवळ फोन."

गजेंद्रनं फोन बुधाजीला दिला. त्यानंतर चहा दोनदा उकळला, जीवन येऊन चार अनारसे खाऊन गेला, पुलावर एसटीच्या गाड्या सुरू झाल्या, तरी बुधाजी "व्हय की, व्हय की" म्हणतच होता. अखेर त्यानं डोळे पुसत फोन परत दिला. "लई मोठ्या मनाचा माणूस हाय तुमचा बाप," तो म्हणाला.

गजेंद्रनं फोन कानाला लावला.

"चांगला मानूस हाय," वामनराव म्हणाले. "साळीच्या पोराचं जमलं की लग्नाले या म्हने, जा लागते. अन् क्यारिअर सोमवारी."

"लावा," गजेंद्र म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि याचंच त्याला नवल वाटलं. "पन बाबा, सगळ्या सीटवर नका लावू. वर्षालीले बसायले जागा ठेवा. लग्नाले आमी दोघं गाडीवर येऊ."

"तिले बसवलं त एकच क्रेट मावते लेका."

"मावू द्या एकच."

वामनरावांनी मनातल्या मनात सीट मोजली. मग म्हणाले, "क्रेट जरा मोठा घेऊ."